रहस्यपटाचा प्रारंभ आणि प्रेक्षकाची साक्ष

रहस्यपटाविषयी आपल्याकडे जे काही बोलले अथवा लिहिले जाते, ते बहुतांशी त्याच्या शेवटाविषयी असते. खुनी कोण निघाला, तो आपल्याला आधी ओळखता आला की नाही, आणि पाहून आलेल्याने शेवट फोडला म्हणून घरात झालेले रुसवेफुगवे, एवढ्यावर चर्चा आटोपते. परीक्षणकर्तेही शेवट न सांगण्याची खबरदारी घेऊन थांबतात. या चित्रप्रकाराचा कस मात्र त्याच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांतच लागतो, असे मला दीर्घकाळ वाटत आले आहे. त्या मिनिटांत दिग्दर्शक प्रेक्षकाला काय दाखवतो, काय राखून ठेवतो, आणि दाखवलेल्याविषयी पुढे कितपत प्रामाणिक राहतो, यावर सारे अवलंबून असते. प्रस्तुत लेखात काही चित्रपटांच्या आधारे एवढेच तपासावयाचे आहे. त्या ओघात काही शेवटही सांगावे लागतील, त्याला इलाज नाही.

आल्फ्रेड हिचकॉक या प्रारंभाविषयी किती दक्ष होता हे सर्वश्रुत आहे. १९६० साली 'सायको' प्रदर्शित झाला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कोणासही आत सोडू नये, असा दंडक त्याने चित्रपटगृहांना घालून दिला. त्यामागे जाहिरातीचा भाग होताच. पण कारणही सबळ होते. चित्रपटाची नायिका म्हणून जिच्याकडे आपण पाहत असतो ती मॅरियन पाऊण-एक तासाच्या आतच मारली जाते, आणि उशिरा येणारा प्रेक्षक पडद्यावर नसलेल्या जॅनेट लीला शोधत बसला असता. आपल्याकडची तऱ्हा निराळी होती. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट व अनुबोधपट दाखवणे सक्तीचे असल्याने 'अजून न्यूजरील चालू असेल' या भरवशावर मंडळी निवांत निघत आणि डोअरकीपरच्या बॅटरीच्या उजेडात, दुसऱ्यांच्या पायांवर पाय देत, आपली खुर्ची गाठत. आपल्या कित्येक प्रौढ वाचकांनी जुन्या रहस्यपटांचे प्रारंभ प्रथम दूरदर्शनवरच पाहिले असतील, अशी माझी शंका आहे.

उत्कंठा आणि कुतूहल यांत आपण सहसा फरक करत नाही. तो करावयास हवा. हिचकॉकने फ्रान्स्वा त्र्युफोला दिलेल्या १९६२ मधील प्रदीर्घ मुलाखतीत एक दृष्टांत दिला आहे. दोन माणसे टेबलापाशी गप्पा मारीत बसली आहेत आणि अकस्मात टेबलाखालचा बाँब फुटतो. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो आणि संपते. तेच, बाँब ठेवताना प्रेक्षकाने पाहिले असेल तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटे जीव टांगणीला लावतात. म्हणजे उत्कंठा ही लपवण्यातून निर्माण होत नाही, ती सांगण्यातून होते. पात्रांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक असते, आणि ते त्यांना ओरडून सांगण्याची सोय नसते.

हे तत्त्व पश्चिमेकडून आले असे मानण्याचे कारण नाही. विशाखदत्ताचे 'मुद्राराक्षस' आठवावे. प्रस्तावनेत सूत्रधार चंद्रग्रहणाची गोष्ट काढतो आणि त्यातला 'चंद्र' म्हणजे चंद्रगुप्त असे समजून पडद्याआडून चाणक्याचा संतप्त आवाज येतो. सूत्रधार घाबरून निघून जातो. नाटकाचा ताण पहिले पात्र रंगमंचावर येण्याआधीच सुरू झालेला असतो. मग पहिल्याच अंकात राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती लागल्याचे आपण पाहतो. राक्षसाला हे ठाऊक नाही, आपल्याला आहे. आणि तिचा व त्या कपटलेखाचा खरा उपयोग पाचव्या अंकापर्यंत आपल्यालाही पुरता कळत नाही. थोडे सांगावे, थोडे राखावे, हे प्रमाण त्या नाटककाराने ज्या अचूकपणे साधले आहे ते पाहून आजच्या पटकथाकारांनी कान पकडावेत.

हिचकॉकच्या दृष्टांतातला बाँब प्रत्यक्ष पडद्यावर पाहावयाचा असेल तर ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ इव्हिल' (१९५८) पाहावा. अमेरिका व मेक्सिको यांच्या सीमेवरचे एक बकाल गाव. पहिल्याच चौकटीत दोन हात स्फोटकाला जोडलेले घड्याळ फिरवून सुमारे तीन मिनिटांवर लावतात. ती आकृती धावत जाऊन उभ्या मोटारीच्या डिकीत ते ठेवते आणि अंधारात नाहीशी होते. एक श्रीमंत गृहस्थ आणि त्याच्यासोबतची तरुणी हसत येतात, गाडीत बसतात, निघतात. येथून कॅमेरा उंच उचलला जातो, घरांच्या छपरांवरून पुढे सरकतो, पुन्हा रस्त्यावर उतरतो. एक नवविवाहित जोडपे, मेक्सिकन अधिकारी व्हार्गास आणि त्याची अमेरिकन पत्नी, पायी चालले आहे. गाडी कधी त्यांच्या पुढे जाते, कधी रहदारीत अडकून मागे पडते, कधी अगदी शेजारी येऊन थांबते. नाक्यावर अधिकारी गप्पा मारतात, अभिनंदने होतात. गाडीतली तरुणी तक्रार करते की तिच्या डोक्यात टिकटिक ऐकू येत आहे. तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. गाडी सीमा ओलांडून जाते. जोडपे चुंबनासाठी थांबते, आणि स्फोट.

हे सारे सव्वातीन मिनिटांच्या आसपासच्या एकाच सलग शॉटमध्ये चित्रित झाले आहे. लॉस एंजेलिसजवळच्या व्हेनिस या भागात रात्री केलेले हे चित्रण तंत्राचा नमुना म्हणून चित्रपट-शिक्षणात नेहमी सांगितले जाते. मला त्यातले तंत्र दुय्यम वाटते. मधे एकही काप नाही याचा अर्थ असा की पडद्यावरचा वेळ आणि घड्याळातला वेळ एकच आहे. काप असता तर 'मधल्या काळात काही घडले असेल, बाँब निघाला असेल' अशी पळवाट आपल्या मनाला सापडली असती. येथे ती नाही. आपण घड्याळ लावताना पाहिले आहे, आपण मोजू शकतो, आणि तरी गर्दीत गाडी क्षणभर दिसेनाशी झाली की आपली नजर आपल्या नकळत तिला शोधू लागते. प्रेक्षकाला कथेत गुंतवणे म्हणतात ते हेच असावे.

या दृश्याची पुढची हकीकतही बोधक आहे. युनिव्हर्सल कंपनीने चित्रपट प्रदर्शित करताना या शॉटवर श्रेयनामावली छापली आणि हेन्री मॅन्सिनीचे संगीत चढवले. आता समोर नावे उमटत असली की माणूस ती वाचणारच, आणि वाचू लागला की गाडी सुटणारच. वेल्सने स्टुडिओचे संकलन पाहून अठ्ठावन्न पानांचे टिपण लिहिले होते. त्याच्या आधारे १९९८ साली वॉल्टर मर्च या संकलकाने चित्रपटाची नवी आवृत्ती सिद्ध केली. तीत प्रारंभावरची नावे काढून टाकली आणि पार्श्वसंगीताऐवजी रस्त्यावरच्या मद्यगृहांतून, गाडीच्या रेडिओतून येणारे सुटेसुटे संगीत ऐकू येईल अशी योजना केली. आता ज्या रेडिओचा आवाज जवळ येतो, त्याच्याबरोबर बाँबही जवळ येतो. ज्यांना दोन्ही आवृत्त्या पाहता येतील त्यांनी अवश्य पाहाव्यात. शॉट तोच, पण प्रेक्षकाचे स्थान बदलते. पहिल्या आवृत्तीत आपण चित्रपट सुरू होण्याची वाट पाहत असतो, दुसरीत आपण त्या रस्त्यावर उभे असतो.

'स्थान' हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझी उभी नोकरी मध्य प्रदेश शासनाच्या महसूल खात्यात झाली. तहसीलदारास कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार असल्याने मृत्युपूर्व जबान्या नोंदवणे, शिनाख्त परेड घेणे ही कामे वाट्यास येत. (आपल्या हिंदी मुलखात 'शिनाख्त', महाराष्ट्रातले स्नेही तिला 'ओळख परेड' म्हणतात.) या कामात एक गोष्ट पुनःपुन्हा अनुभवास आली. खोटे बोलणारा साक्षीदार फारसा त्रास देत नाही, तो कोठे ना कोठे अडकतो. अवघड असतो तो प्रामाणिक साक्षीदार, ज्याने काही तरी खरोखर पाहिले आहे आणि जो पाहिलेल्याचा अर्थही आपल्या पदरचा घालून तितक्याच प्रामाणिकपणे सांगतो. चांगला रहस्यपट पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकाला असा साक्षीदार बनवतो. पुढचे दोन तास ही त्याची उलटतपासणी असते.

'सायको'चा प्रारंभ या दृष्टीने पाहावा. सॉल बासच्या तुटणाऱ्या, सरकणाऱ्या रेषा आणि बर्नार्ड हरमनची तंतुवाद्ये संपली की पडद्यावर अक्षरे येतात : फिनिक्स, ॲरिझोना, शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २ वाजून ४३ मिनिटे. पंचनाम्याचा मथळाच जणू. स्थळ, वार, तारीख, वेळ! इतका चोख तपशील देणारा माणूस खोटे सांगणार नाही, असा आपला समज होतो. मग कॅमेरा शहरावरून फिरत फिरत एका खिडकीच्या अर्धवट ओढलेल्या पडद्याखालून आत शिरतो आणि जेवणाच्या सुटीत चोरून भेटलेले प्रेमिक आपण पाहतो. आपण तेथे असावयास नको आहे, तरी आहोत. हिचकॉकने येथे एकही असत्य सांगितलेले नाही. तारखेचा आणि वेळेचा पुढे काहीही उपयोग होत नाही, एवढेच. आपण मात्र ही मॅरियनची, तिच्या लग्नाची, तिने लांबवलेल्या चाळीस हजार डॉलर्सची कथा आहे असे मनाशी नक्की करून बसतो. ते अनुमान आपले, त्याचे नव्हे.

याच हिचकॉकने दहा वर्षांपूर्वी ही मर्यादा ओलांडली होती. 'स्टेज फ्राइट' (१९५०) मध्ये श्रेयनामावलीच्या वेळी नाट्यगृहाचा पडदा वर जातो आणि मागे लंडन शहर दिसते. मग मोटारीतून पळणारा एक तरुण आपल्या मैत्रिणीला हकीकत सांगतो : खून त्या प्रसिद्ध अभिनेत्रीने केला, आपण केवळ तिला वाचवावयास गेलो. ही हकीकत आपल्याला पूर्वदृश्याच्या रूपाने दाखवली जाते. शेवटी कळते की ती खोटी होती, खुनी तोच. त्या काळी यावर नाराजी व्यक्त झाली आणि पुढे त्र्युफोशी बोलताना हिचकॉकनेही हे करावयास नको होते असे मान्य केले. त्याचे समर्थन करणारेही आहेत. पात्र तोंडाने खोटे बोलू शकते, तर त्याने सांगितलेले दृश्य खोटे का असू नये, असा त्यांचा युक्तिवाद. तर्काला तो धरून आहे. पण त्या चित्रपटाच्या प्रेक्षकाला संशय घेण्याची कसलीही संधी दिलेली नाही. साक्षीदाराला बनावट दस्त दाखवून त्याच्याकडून जबाब घ्यावा आणि मग त्यालाच दोष द्यावा, तसे हे झाले. पडद्यावरचा तो पडदा वर जाणे म्हणजे 'हे सारे नाटक आहे' ही सूचना होती असेही कोणी म्हणेल. मला ती सूचना पुरेशी वाटत नाही.

आपल्या हिंदी-मराठी रहस्यपटांकडे वळताना प्रथम 'कानून' (१९६०) आठवतो. बी. आर. चोप्रा यांनी एकही गाणे न घालता हा चित्रपट काढला, याचीच चर्चा अधिक होते. त्याचा प्रारंभ त्याहून धाडसी आहे. ज्या माणसाच्या खुनाबद्दल आपण अनेक वर्षे तुरुंगात काढली तो जिवंतच होता, असे कळल्यावर एक सुटून आलेला कैदी त्याला खरोखर ठार करतो आणि न्यायालयाला विचारतो : ज्या गुन्ह्याची शिक्षा मी भोगून आलो, त्यासाठी मला पुन्हा शिक्षा कशी देणार? जीवनसारख्या नेहमीच्या खलनटाने ही भूमिका अशी वठवली आहे की सभागृह त्याच्या बाजूने झुकते. साक्षीदार चुकू शकतात, न्यायालय चुकू शकते, हे दिग्दर्शकाने अगदी उंबरठ्यावरच आपल्याला सांगून ठेवले. पुढे नायकाच्या डोळ्यांनी आपण एक खून पाहतो आणि करणारा न्यायाधीश बद्रीप्रसाद, म्हणजे त्याचा भावी सासराच, असल्याचे पाहून हादरतो. नाना पळशीकरांचा तो गरीब भुरटा चोर नाहक पकडला गेला आहे हे आपल्याला 'ठाऊक' असते. शेवटी तो खुनी म्हणजे न्यायाधीशांशी हुबेहूब साम्य असणारा दुसराच इसम निघतो. तोतयाची ही युक्ती जुनाट आहे, हे मान्यच. पण प्रारंभी मिळालेला धडा आपण तासाभरात विसरलो, स्वतःच्या डोळ्यांवर विसंबलो, ही नामुष्की आपलीच असते. चित्रपटाने तर आधीच बजावले होते.

राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) व त्यावरून राज खोसला यांनी केलेला 'मेरा साया' (१९६६) ही जोडी आपल्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याची. जयंत देवकुळे यांच्या कथेची सारी शक्ती प्रारंभातच आहे. 'मेरा साया'त परदेशातून धावत आलेल्या पतीच्या कुशीत पत्नी प्राण सोडते. हे आपण पाहतो. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, प्रत्यक्ष. काही काळाने पोलिसांनी पकडलेली एक दरोडेखोर स्त्री न्यायालयात उभी राहून मीच तुमची पत्नी असे म्हणते, तेव्हा वकील पतीइतकेच आपणही तिला खोटी ठरवण्यास सिद्ध असतो. कारण मृत्यूचे साक्षीदार आपण. ती एकेक खासगी खूण सांगू लागते आणि आपली साक्ष डळमळू लागते. उलगडा होतो तो जुळ्या बहिणीचा : मेली ती दुसरीच, कठड्यात उभी आहे ती खरी. येथे दिग्दर्शकाने 'स्टेज फ्राइट'सारखी लबाडी केलेली नाही. एक स्त्री मरण पावली, हे खरे होते. तिचे नाव आपण घातले. शिनाख्त चुकली.

याच खोसलांच्या 'वह कौन थी' (१९६४) चा प्रारंभ लोकांना अधिक आठवतो. मुसळधार पाऊस, रात्र, रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या साडीतली साधना, गाडीचा वायपर बंद पडतो तरी तिला रस्ता स्वच्छ दिसतो, हाताला रक्त, आणि उतरायचे कोठे, तर कब्रस्तानात. वातावरणनिर्मिती म्हणून हे दृश्य अप्रतिम आहे आणि ते मी कितीही वेळा पाहीन. तथापि पुढे सारा प्रकार मालमत्तेसाठी रचलेले कारस्थान होते असे ठरल्यावर या दृश्यातल्या एकेका गोष्टीचा हिशेब मागू लागलो तर तो जुळत नाही. प्रारंभाने उचललेले कर्ज चित्रपट फेडत नाही. त्याउलट 'तीसरी मंझिल' (१९६६). विजय आनंद यांनी नामावलीआधीच रात्रीच्या अंधारात भरधाव मोटार, जिना चढत धावणारी तरुणी आणि तिसऱ्या मजल्यावरून तिचे कोसळणे एवढेच दाखवले. पडणे दिसते, पडण्याचे कारण दिसत नाही. पुढे कितीही गाणी आली, शम्मी कपूरने कितीही धमाल केली, तरी ते पडणे प्रेक्षकाच्या मनात शिल्लक असते.

अलीकडच्या चित्रपटांत व विशेषतः वेबमालिकांत एक साचा रूढ झाला आहे. प्रारंभी रक्ताचे थारोळे, धावणारी पावले, किंकाळी. आणि लगेच पडद्यावर 'सहा महिन्यांपूर्वी'. दाखवलेला प्रसंग कथेच्या शेवटाकडून कापून आणून पुढे चिकटवलेला असतो. त्यात प्रेक्षकाला काही ठाऊक होत नाही, केवळ तो उठून जाऊ नये एवढी व्यवस्था होते. श्रेयनामावली वगळण्याचे बटण हाताशी असताना निर्माते घायकुतीला आले असतील, हे समजू शकते. पण धक्का देऊन बसवलेला प्रेक्षक पुढच्या धक्क्याचीच वाट पाहतो.

या साच्यातून सुटलेली उदाहरणे आहेत. श्रीराम राघवन यांच्या 'अंधाधुन' (२०१८) च्या आरंभी शेतात एका डोळ्याने अधू असलेल्या सशामागे बंदूक घेऊन माणूस लागतो, बार ऐकू येतो, आणि कथा पुण्यातल्या एका आंधळ्याचे सोंग घेतलेल्या पियानोवादकाकडे वळते. त्या सशाचा संबंध थेट शेवटी लागतो, तोही त्या सोंगाड्याच्याच तोंडून. तो खरे सांगतो आहे का, याचा संशय घ्यावयास दिग्दर्शकाने आपल्याला भरपूर जागा दिली आहे. 'स्टेज फ्राइट'मध्ये नेमकी हीच जागा नव्हती.

मला त्याहून विचारप्रवृत्त केले ते 'दृश्यम'ने. जीतू जोसेफ यांच्या मल्याळम मूळ चित्रपटावरून (२०१३) 'डोंबिवली फास्ट'कार निशिकांत कामत यांनी २०१५ साली तो गोव्याच्या पार्श्वभूमीवर हिंदीत आणला. कामत २०२० मध्ये अकाली गेले. या चित्रपटाचा पूर्वार्ध संथ आहे अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली. चौथीपर्यंत शिकलेला विजय साळगावकर, त्याचा केबलचा धंदा, चित्रपटांचे वेड, काटकसर, बायको-मुलींशी लाडीगोडी, गायतोंडे नावाच्या पोलिसाशी धुसफूस. थरारपटाचा प्रारंभ असा कोठे असतो का? पण हा चित्रपट मुळात साक्षी घडवण्याविषयी आहे. खुनानंतर विजय कुटुंबासह पणजीला जातो, आणि प्रत्यक्ष गेला त्याहून वेगळी तारीख, २ ऑक्टोबर, बसवाहक, खानावळवाला, सिनेमागृहातला माणूस यांच्या मनात इतक्या सहजपणे रुजवतो की ते सारे शपथेवर तीच सांगतात. त्यांपैकी एकही खोटे बोलत नाही. त्यांनी विजयला पाहिले आहेच. सराईत तपास अधिकारी मीरा देशमुख (तब्बू) हे ओळखते. पण प्रामाणिक साक्षीदारांपुढे तिचाही इलाज चालत नाही.

दिग्दर्शकाने तो संथ पूर्वार्ध आपल्यावर नेमका याच रीतीने वापरलेला आहे. त्या घरगुती गप्पांत, चहाच्या टपरीवरच्या बैठकीत, गावात पोलीस ठाण्याची नवी इमारत उभी राहत असल्याचे येऊन जाते. आपण ते पाहतो, आणि गायतोंडेची मिजास पाहण्याच्या नादात सोडून देतो. प्रेत त्या नव्या ठाण्याच्या जमिनीखाली पुरलेले आहे हे शेवटी कळते, तेव्हा सभागृहात जो सुस्कारा उमटतो त्यात नवल कमी आणि चुटपुट अधिक असते. दुसऱ्यांदा हा चित्रपट पाहताना माझी नजर विजयवरून सुटून सारखी त्या बांधकामाकडे जात होती, आणि शेजारी बसलेली, प्रथमच पाहणारी माझी सून कथा पुढे का सरकत नाही म्हणून कुरकुरत होती.